घुमटाला वारशाचा मान. विद्यार्थ्याच्या वाद्याचे काय?

चतुर्थी जवळ आली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांत घुमट आरत्यांचा सराव सुरू होतो. वाद्य शिकण्याचा मुलांचा हट्टही याच दिवसांत बळावतो. पेटी, तबला की घुमट, आणि ते विकतच घ्यावे का, हा प्रश्न मग पालकांपुढे उभा राहतो.

घुमटाला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. मातीच्या या वाद्याचे मोठे तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवले जाई. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असल्याने अशा घुमटाची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. बकरीच्या कातड्याचे घुमट हा त्याला रास्त पर्याय आहे. त्याचा नाद जुन्या जाणत्यांना वेगळा वाटत असला, तरी नवशिक्याचा हात बसण्यास तो पुरेसा आहे.

पेटी-तबल्याचा हिशेब निराळा. लहान तोंडाचा तबला चढ्या स्वराला लागतो, मोठ्या तोंडाचा खालच्या. गुरुजींना स्वर न विचारता आणलेला तबला वर्गातील पेटीशी जुळेलच असे नाही. पेटी घेताना पट्ट्या न दाबता भाता भरून पाहावा. स्वर आपोआप उमटला किंवा हवा झपाट्याने निसटली, तर ती पेटी नाकारावी. शिवाय आपल्या पावसाळ्यात कातडे सैल पडते, लाकूड फुगते. त्यामुळे दुरुस्तीचा खर्चही किमतीतच धरावा लागतो.

शिकण्याची गोडी टिकेल की नाही, हे पहिल्या काही महिन्यांत सांगता येत नाही. तोवर वाद्य भाड्याने मिळणे हाच शहाणपणाचा मार्ग; पण मंडप आणि ध्वनिक्षेपकाइतकी ही पद्धत आपल्याकडे रुजलेली दिसत नाही. परिणामी ऐपत असलेल्या घरातील वाद्य माळ्यावर जाते आणि ऐपत नसलेल्या घरातील मूल घरच्या रियाजाला मुकते. आठवड्यातील एक-दोन तासिकांवर हात तयार होत नाही.

यावर उपाय गावातच आहे. देवस्थाने, भजनी मंडळे आणि शाळा यांच्याकडील वाद्ये उत्सव सरला की बंद राहतात. अनामत रक्कम आणि अल्प भाडे घेऊन ती विद्यार्थ्यांना देता येतील. सरकारने तालुका ग्रंथालयांच्या धर्तीवर वाद्यालये उभारून या प्रयत्नांना जोड द्यावी. वारशाचा दर्जा कागदावर देता येतो. वारसा मात्र रोज वाजवणाऱ्या हातांतूनच पुढे जातो, आणि त्या हातांना आधी वाद्य मिळाले पाहिजे.