टीव्हीचा रिमोट आईकडे, मोबाइलचा पासवर्ड पोराकडे

बिरवाडी (ता. महाड) : टीव्हीवर नको ते दृश्य लागलं की घरातल्या मोठ्यांनी रिमोट शोधायचा आणि चॅनेल बदलायचं. एकेकाळी एवढ्यावर भागत होतं. २०१६ मध्ये जिओ आलं, २०२० च्या कोरोनात शाळा मोबाइलवर भरली आणि अभ्यासासाठी घेतलेला फोन अनेक घरांत पोरांकडेच राहिला. आता नववी-दहावीतली मुलं वेबसिरीज बघतात ती पांघरुणात, कानात इअरफोन घालून.

मग बंदी घालावी का? घालावी, पण ती पाळली जाईल अशी.

केंद्राच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वयाचा शिक्का लागतो : यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि फक्त प्रौढांसाठी 'ए'. १३+ पासून वरच्या सगळ्यासाठी पालकांना लॉक लावता येईल अशी सोय कंपनीने द्यायलाच हवी. म्हणजे कुलूप आहे. चावी कोणाकडे, हा प्रश्न आहे. अ‍ॅप टाकणारा, पासवर्ड ठेवणारा, रिचार्जची ऑफर शोधणारा घरातला पोरगाच. वडील एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, नाहीतर आईवडील दोघंही मुंबईला आणि पोरं गावी आजीकडे. त्या आजीने पिन टाकायचा कुठे? शिवाय एका अ‍ॅपचा लॉक टेलिग्रामवर आलेल्या फाइलला लागत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने उल्लूसह २५ अ‍ॅप आणि वेबसाइट बंद करायला सांगितल्या, तरी अशा फाइली फिरायच्या त्या फिरतातच.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. सुरुवातीला लोक हसले. पण बंदी एकट्या पोरांवर नव्हती, आईची मालिका आणि वडिलांचा मोबाइलही त्यात आला. म्हणून ती चालली.

अर्थात साडेआठनंतर पोरं काय बघतात, ते भोंगा सांगत नाही. त्यासाठी घरातच बोलावं लागतं, आणि तिथेच आपली गाडी अडते. तेरा आणि सतरा वर्षांच्या पोरांना एकाच दाव्याला बांधूनही चालत नाही. सतरा वर्षांच्या मुलीसोबत १६+ ची एखादी सिरीज बसून बघितली तर काही बिघडणार नाही. सातवीतल्याला मात्र नाही म्हणजे नाही, आणि रात्री फोन मोठ्यांच्या उशाशी. गावी आजी असेल तर आईवडील सुट्टीला येतील तेव्हा लॉक त्यांनीच लावून जावा. फक्त पिन म्हणून पोराची जन्मतारीख ठेवू नये. तो आकडा ते पहिल्यांदा टाकून बघतं.