घासून कुणी गोरं होत नाही

बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्या बायकांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘मुलगा की मुलगी?’ हा पहिला. ‘वजन किती भरलं?’ हा दुसरा. आणि दुपट्याची कड जरा बाजूला सारून, आवाज किंचित खाली आणून विचारलेला तिसरा, ‘रंगाला कशी आहे हो?’ मग कुणीतरी जाणती बाई बाळाच्या कानाच्या पाळ्या बघते, नखांच्या कडा बघते आणि निकाल देऊन टाकते, ‘आत्ता गोरी दिसतेय, पण पुढं सावळी होणार बघा.’ बाळंतिणीचं तोंड एवढंसं होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरात पाटाशेजारी वाट्या वाढायला लागतात. एकीत डाळीचं पीठ, एकीत साय, एकीत आंबेहळद. लव काढायला कणकेचा तेलात भिजवलेला गोळा वेगळाच!

मैत्रिणींनो, आज मला या वाट्यांविषयीच बोलायचं आहे. बाळाची कातडी हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय. पण खरं सांगू का, आपण तिची काळजी घेतो की तिच्या रंगाची, हे एकदा प्रत्येकीनं स्वतःशी तपासून बघायला हवं.

आधी रंगाचं बघू. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या कातडीत रंग पुरता उतरलेला नसतो. म्हणून पहिले काही दिवस बहुतेक बाळं गुलाबी, लालसर दिसतात. पुढच्या काही महिन्यांत आईबापांकडून, आजीआजोबांकडून आलेला त्याचा स्वतःचा रंग हळूहळू दिसू लागतो. यात कुणाची चूक नाही की कुणाचं दुर्लक्ष नाही. पण घरातल्यांना वाटतं, पोर काळवंडत चाललंय, घासायला कमी पडतंय. मग हात आणखी जोरात चालतो. घासल्यावर अंग लाल होतं, तेच ‘उजळलं’ असं वाटतं. ती लाली म्हणजे कातडीला झालेली इजा असते, हे कुणी सांगत नाही.

लवेचंही तसंच. कानावर, खांद्यावर, पाठीवर जी मऊ लव असते, ती काही आठवड्यांत आपोआप गळते. गोळा फिरवला तरी जाते, न फिरवला तरी जाते. श्रेय मात्र गोळ्याला मिळतं.

आमच्या शेजारी गेल्या वर्षी नात झाली. मुलगी कशी, टपोऱ्या डोळ्यांची, गोड. पण बापाच्या वळणावर गेलेली, सावळी. विसाव्या दिवसापर्यंत तिच्या मानेच्या वळीत आणि काखेत कातडी सोलवटली होती, मांडीच्या सांध्यात पीठ अडकून पांढरट चिकट थर बसला होता. आंघोळ म्हटलं की पोर किंचाळायची आणि घरातले म्हणायचे, ‘रडू दे, रडण्यानं छाती भरते.’ शेवटी मानेवर दोन पुवाचे फोड आले तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि आजींना एवढंच विचारलं, ‘काकू, हा मुलगा असता तर एवढं घासलं असतं का हो?’

आजी गप्प बसल्या. कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे. मुलगा सावळा असला तर ‘कृष्णासारखा आहे’ म्हणतात. मुलगी सावळी असली की बाराव्या दिवसापासून तिच्या लग्नाची काळजी सुरू होते. पंचवीस वर्षांनी छापून येणाऱ्या ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ या दोन ओळींसाठी वीस दिवसांचं पोर पाटावर सोलून निघतं! ज्या विठोबाला आपण कौतुकानं सावळा म्हणतो, आषाढीला ज्याच्या पायावर डोकं ठेवायला मैलोन्‌मैल चालतो, त्याच आपल्या मुलखात हे चालतं. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ला २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ लावावा लागला. कंपनीनं डबीवरचा शब्द तरी बदलला. आपल्या न्हाणीघरातली वाटी आहे तिथंच आहे.

आता कातडीचं बघू. नवजात बाळाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मोठ्या माणसापेक्षा पातळ असतो. तो बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही आणि अंगातलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. पहिल्या काही आठवड्यांत त्यावर किंचित आंबटपणा तयार होतो आणि तोही जंतूंना रोखायला मदत करतो. रवाळ पीठ, कडक साबण, लिंबू, या सगळ्यानं हाच थर खरवडला जातो. मोठ्या माणसाला चरा पडला तर खपली धरते नि विषय संपतो. नवजात बाळात तोच जंतू रक्तात पसरायला वेळ लागत नाही.

आणि हे भीती घालायचं म्हणून सांगत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. बाळाला ऊब, स्वच्छता, आईचं दूध आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार, असं ते साधंच काम. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथला नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. कुठलं महागडं यंत्र नाही की परदेशी मलम नाही.

याचा अर्थ तेल-मालिश सगळं बंद, असा मुळीच नाही. आपल्या आज्यांच्या कितीतरी गोष्टी सोन्यासारख्या आहेत. हलक्या हातानं केलेली खोबरेल तेलाची मालिश बाळाला मानवते, कातडी मऊ राहते, झोप छान लागते. ढाक्याच्या शिशू रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावून पाहिलं, तर त्यांच्यातला जंतुसंसर्ग कमी झाला, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र आपलं बाळ लवकर जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर तेल कधी आणि कोणतं हे डॉक्टरांनाच विचारावं. सरसूचं तेल नाजूक कातडीला त्रास देऊ शकतं, ते नकोच. नाकात-कानात तेल सोडणंही नको, कारण नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. बाळाच्या छातीवर आलेली सूज पिळून चीक काढतात, ते तर अजिबात करू देऊ नका. ती सूज आईच्या अंगातल्या संप्रेरकांमुळे येते आणि आपली आपण जाते.

पाय पसरून, बाळाला पायांवर पालथं घेऊन न्हाऊ घालणं ही आपल्या बायकांची कला आहे. ती राहू दे, फक्त त्यातलं घासणं काढून टाकू. जन्मल्यावर पहिले चोवीस तास आंघोळ नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अंगावरचा लोण्यासारखा पांढरा थर पुसून काढायची घाई करू नका, ते निसर्गानं लावून पाठवलेलं मलमच आहे. अशक्त बाळाला डॉक्टर सांगेपर्यंत नुसतं ओल्या मऊ कापडानं पुसावं. पाणी कोमट हवं, आपलं कोपर बुडवून बघावं. पाच-सात मिनिटांत आंघोळ उरकावी, दारं-खिडक्या लावून. नुसतं पाणी पुरतं. साबण लावायचाच तर सौम्य, तोही थोडा. मग जुन्या सुती साडीच्या मऊ फडक्यानं टिपून घ्यावं, मान, काखा, जांघा या वळ्यांत ओल राहू देऊ नये.

पावडरचा डबा तर बारशाच्या भेटीत हमखास येतो. ती पावडर बाळाच्या श्वासात जाते आणि वळ्यांत घामाबरोबर तिचे गोळे होतात. टाल्कच्या पावडरीवरून जगभर खटले झाले आणि त्या प्रसिद्ध अमेरिकी कंपनीनं २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर सगळीकडेच बंद केली. पण पावडर कसलीही असो, बाळाला तिची गरज नसते. काजळाचंही तेच. काही काजळ-सुरम्यात शिसं असतं. दृष्टीची भीती वाटत असेल तर पायाच्या तळव्याला तीट लावा, डोळ्यांत काही घालू नका. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नका. ती कोरडी ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत गळून पडते. लंगोट ओला झाला की लगेच बदला. नवीन अंगडं-टोपडं आधी धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, उन्हात वाळवून मगच घाला.

पहिल्या दिवसांत कातडीवर कायकाय दिसतं. नाकावर पांढरे ठिपके, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगभर लाल पुरळ, हातापायांची सालं, ढुंगणावर निळसर डाग. बाळ दूध नीट पीत असेल तर यातलं काही घासून, लेप लावून घालवायचं नसतं. मात्र पुवाचे फोड, बेंबीभोवती लाली किंवा घाण वास, पहिल्याच दिवशी आलेला किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचलेला पिवळेपणा, अंग तापणं किंवा थंडगार पडणं, दूध न ओढणं, यातलं एकही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. २०११ पासून आशाताई नवजात बाळ बघायला घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. त्यांना ओसरीवरून चहा देऊन वाटेला लावू नका. बाळाचं दुपटं उघडून कातडी दाखवा.

राहता राहिली ती न्हाऊ घालणारी मावशी. काही बिघडलं की सगळा दोष तिच्यावर जातो. आमच्या शेजारची मावशी मला म्हणाली, ‘ताई, मी घासलं नाही तर म्हणतात, हिच्या हाताला गुण नाही. पैसे त्याचेच देतात.’ किती खरं बोलली ती! तिच्या हातातला जोर आपल्या घरातून येतो. आणि ओल्या बाळंतिणीला तर त्या सव्वा महिन्यात तोंड उघडायची मुभाच नसते. ‘तुला काय कळतंय? आम्ही चार पोरं वाढवली,’ या एका वाक्यात तिचा विषय संपतो.

म्हणून हा लेख मी बाळंतिणीपेक्षा सासूबाई, आई, मावशी, आत्या यांच्यासाठी लिहिला आहे. न्हाणीघरात तुमचा शब्द चालतो. तुम्ही एकदा म्हणालात, ‘मावशी, पीठ नको, नुसतं कोमट पाणी घाला,’ की मावशीचा हात हलका होईल आणि सूनबाईचा जीवही. आणि पुढच्या वेळी बाळ बघायला गेलात की तिसरा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी विचारा, ‘दूध पितंय ना नीट? तुला झोप मिळते का गं?’