भेटीचे कारण

शहरांतील नव्या गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारापाशी पहारेकऱ्याच्या हाती पूर्वी जी जाड वही असे आणि आता जे काचेचे यंत्र असते, त्यात नाव, दूरध्वनीचा क्रमांक, जेथे जावयाचे त्या सदनिकेचा क्रमांक आणि भेटीचे कारण असे चार रकाने भरल्यावाचून, आणि वरच्या घरातून संमतीचा इशारा आल्यावाचून, कोणासही आत पाऊल टाकता येत नाही. यांतील पहिल्या तीन रकान्यांविषयी आमची तक्रार नाही. चौथ्याने मात्र आम्हांला वर्षभर अस्वस्थ करून सोडले आहे. सामान पोहोचविणारा मुलगा, घरकामाची बाई, नळ दुरुस्त करणारा कारागीर यांना तो सहज भरता येतो. सत्तरी ओलांडलेला, दोन गाड्या बदलून विरारहून लालबागेत आलेला बालमित्र तेथे काय लिहील? त्याचे काही काम नसते. काम नसताना येण्याचा अधिकार त्याने अर्धशतकाच्या सहवासाने कमावलेला असतो, आणि त्या अधिकाराची दखल घेणारा रकाना कोणत्याही दफ्तरात नाही.

पहारा नको असे आम्ही म्हणत नाही. चोऱ्या होतात, वृद्ध एकटे राहतात, आणि दारावरचा माणूस मालकाच्या हुकमाचा ताबेदार असतो. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. आमचा आक्षेप त्या हुकमामागील कल्पनेला आहे. माणसे एकमेकांकडे केवळ प्रयोजनाने जातात, अशा गृहीतावर उद्याचे शहर उभारले जात आहे. आणि यंदाच्या अंकाचा विषय 'उद्याचे शहर' हाच असल्यामुळे, आमच्या लेखकांनी वाहतूक, पाणी आणि हवा यांची जी साधार चिकित्सा पुढील पानांत केली आहे तिच्या आरंभी ही एक बाब नोंदविणे आम्हांस अगत्याचे वाटले.

परक्या शहरात आपुलकीचे ठिकाण कसे निर्माण करावे, हे या मुंबईतील गरीब माणसाने कोणाकडूनही न शिकता स्वतःच्या बुद्धीने शोधून काढले होते. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या भाड्याने धरल्या. त्यांत पाळीपाळीने झोपणारे कामगार खानावळीत एका पंक्तीला जेवत, शनिवारी भजनाला बसत आणि गावाकडच्या मयताची वार्ता आली की वर्गणी काढून एकाची गाडीची सोय करीत. गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्द्यांनी धोबीतलावाच्या परिसरात गावागावाचे 'कूड' स्थापिले. जहाजाची वाट पाहणारा खलाशी भिंतीशी आपली पेटी ठेवून जमिनीवर पथारी पसरी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला आपल्या गावच्या माणसांत उभा राही. या जागा सुखाच्या नव्हत्या. हवा कोंडलेली, शौचकूप सामाईक, एकांत नावालाही नाही. परंतु तेथे येणाऱ्याला आपण का आलो हे सांगावे लागत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने ही वीण उसवली. गिरण्यांचे भोंगे थांबले, कोणी गावी परतला, कोणी बदलापूर, विरार, पनवेल असा पांगला, आणि जे राहिले त्यांच्या वाट्याला आता पुनर्विकास आला आहे. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींतील २०७ इमारतींपैकी १२१ एकट्या वरळीत. एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा आम्हांला निर्भेळ आनंद आहे. पिढ्यान्‌पिढ्या सामाईक मोरीपुढे ताटकळलेल्या स्त्रियांना स्वतःचे न्हाणीघर मिळाले, ही गोष्ट कोणत्याही स्मरणरंजनाहून मोठी आहे. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या खोलीत एक रात्रही काढलेली नसते.

तरीही एक प्रश्न उरतो. संक्रमण काळात कोणी शिबिरात गेला, कोणी दरमहा २५,००० रुपयांचे भाडे स्वीकारून जिथे घर मिळाले तिथे गेला. आणि परतताना कोणत्या कुटुंबाने कोठे राहावे याचा निर्णय संगणकीय सोडतीने केला. सोडत निःपक्षपाती असते, तिच्यात वशिला चालत नाही, आणि म्हणूनच ती आपणांस मान्य असते. परंतु चाळीस वर्षे ज्यांचे दरवाजे समोरासमोर उघडे राहिले त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला सहाव्या आणि दुसऱ्याला एकतिसाव्या मजल्यावर पाठविताना आपण काही तोडीत आहोत, हे तिला कळण्याची तजवीज कोणी केलेली नाही. इतरत्र, खासगी विकासकांशी होणाऱ्या वाटाघाटींत चटईक्षेत्र, वाहनतळ आणि ठेवनिधी यांसाठी रात्र रात्र भांडणारे आपले सभासदही बसण्याच्या जागेसाठी भांडल्याचे क्वचितच ऐकू येते.

२०२५ या वर्षाने जे दिले-घेतले ते वाचकांस ठाऊक आहेच: ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत मराठी साहित्य संमेलन झाले, शिवकालीन दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला, जयंत नारळीकर गेले, मराठवाड्यात पिके पाण्याखाली गेली. या गलबल्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा जूनमधील अहवाल दबून गेला. जगातील सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे, असे तो सांगतो. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या दुखण्यासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे मंत्री नेमावा असे आमचे म्हणणे नाही. वृद्धांशी गप्पा मारणारी यंत्रे घरोघर येतील आणि मुले परदेशातून त्यांची वर्गणी भरतील, हेही आता दूर नाही. पण ज्याने आपल्याला अर्ध्या चड्डीत पाहिले, आपल्या बापाचा मार खाताना पाहिले, त्याची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकणार नाही.

म्हणून आमची मागणी अगदी किरकोळ आणि व्यवहार्य आहे. यापुढील प्रत्येक सोडतीत, जी चार-पाच कुटुंबे लेखी अर्ज करून एकत्र राहू इच्छितील त्यांची एकच चिठ्ठी काढावी आणि त्यांना एकाच मजल्यावर घरे द्यावीत. प्रत्येक करारनाम्यात तळमजल्यावर, उद्वाहकाच्या वाटेवरच, बाके आणि पंखा असलेली एक खोली बिनभाड्याची व बिनकुलपाची लिहून घ्यावी. आणि ज्या वाचकांच्या संकुलाची वार्षिक सभा या हिवाळ्यात व्हावयाची असेल, त्यांनी भेटीच्या कारणाचा रकाना काढून टाकण्याचा ठराव तीत मांडावा.