टेकू

टेकू मोजायला शिका, दोस्तहो. पहिल्या पावसाळ्यात एक, पाचव्यात अकरा, मग गॅलरीत गर्दी करू नका अशी पाटी. मुंबईतल्या जुन्या चाळीचं वय असंच मोजतात.

मालक म्हणतो, दुरुस्ती परवडत नाही. महिन्याला ६० रुपये भाडं, त्यात मी तुळई बदलू? १९४७ च्या कायद्यानं भाडं सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवलं, हे खरंच. रडगाणं अर्धं खरं आहे म्हणूनच इतकी वर्षं चाललंय. उरलेलं अर्धं तो गात नाही. खोली हातबदल होताना पागडीतला तिसरा हिस्सा कोण खिशात घालतो? १९९९ च्या कायद्यानं तर पागडी राजरोस केली. आणि १९६९ च्या कायद्यानं आलेला दुरुस्तीचा उपकर? तो आपणच भाड्याबरोबर भरतो. म्हणजे मंडळाचा माणूस येऊन टेकू लावतो तोही आपल्याच पैशाचा!

आता पाईप बघा. मोरीखालचा पाईप गळतो. बदलायला काही हजार. नाही बदलला तर पाणी भिंतीत मुरतं, तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. मधे तुळई ठणठणीत, टोकाला भुसा. मग ती बदलायची तर वरचा मजला तोलून धरावा लागतो, खर्च लाखात. मग इंजिनियर येतो आणि लिहितो 'सी-१'. रिकामी करा, पाडा. साला, इमारत पाडायचं ठरलं कधी? इंजिनियर आला तेव्हा नाही. पाईपाला नाही म्हटलं त्या दिवशीच ठरलं. त्या दिवसाच्या कागदावर कुणाची सही नाही, तारीख नाही.

पाडल्यावर हिशोब उलटा फिरतो. ३३ (७) खाली तीन एफएसआय किंवा जास्त, ५१ टक्के सह्या, आपल्याला किमान ३०० चौरस फूट, बाकीचे मजले बाजारात. ६० रुपयांचं तुणतुणं तेव्हा कुठं जातं?

कायदा आपल्या बाजूनं आहे म्हणतात. वाचा. १९९९ च्या कायद्याचं कलम १४: दुरुस्ती मालकाचं कर्तव्य. त्यानं केली नाही तर १५ दिवसांची नोटीस द्या, स्वतः करा, भाड्यातून कापा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त कापायचं नाही. ६० रुपयांचे वर्षाला ७२०, त्याची चौथाई १८०. सिमेंटची एक गोणी येत नाही हो त्यात! हक्क दिला आणि हात बांधले.

सरकार मालक असलं म्हणून फार फरक पडत नाही. बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. वरळीत नव्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. तोवर किती म्हातारी माणसं त्याच जिन्यावरून खांद्यावर गेली.

मोडक्या घरात हट्टानं बसा असं मी म्हणत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. म्हणणं एवढंच, की पाईप गळायला लागला त्याच दिवशी फोटो, तारीख, सगळ्या खोल्यांच्या सह्या, रजिस्टर पोस्ट. पावती जपून ठेवा. उद्या मालकाचा इंजिनियर अहवाल घेऊन आला तर ती समोर ठेवा आणि आपलाही इंजिनियर आणा.

आमच्या चाळीतून परवा सातवी नोटीस गेली. पाईप अजून गळतोय.