ग्रंथ देव्हाऱ्यात आणि ग्रंथ व्यवहारात

मार्गशीर्षातील गुरुवारांची व्रते होतात, दत्तजयंतीला औदुंबर आणि नरसोबाची वाडी येथे भाविकांची रीघ लागते, आणि त्याच सुमारास सांगली-मिरजेत व साताऱ्यात काही घरांच्या दारी कागदी चांदण्या लुकलुकू लागतात. नाताळ आलेला असतो. आपल्यापैकी बहुतेकांची या सणाशी ओळख चांदणी, केक आणि घंटानाद एवढ्यापुरतीच. परंतु ज्या ग्रंथातून हा सण आला, तो ग्रंथ शेजारच्या घरी वर्षाचे उरलेले दिवस काय काम करतो, हे पाहण्याची जिज्ञासा आपण क्वचितच दाखवितो. ती दाखविण्यात आपलाच लाभ आहे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत आमच्या शेजारी एक ख्रिस्ती शिक्षकाचे कुटुंब राहत असे. गणेशचतुर्थीस आईने मोदकांचे ताट स्वतः नेऊन दिले आणि भक्तिभावाने म्हणाली, "मास्तर, बाप्पाचा प्रसाद आहे." मास्तर उठून उभे राहिले, हात जोडले आणि संकोचाने म्हणाले, "वहिनी, आपण नुसते मोदक म्हणून दिले असते तर मी काही न विचारता खाल्ले असते. प्रसाद म्हणून दिलेत, म्हणून मला थांबावे लागते. राग मानू नका." आई ताट घेऊन परत आली. तिला ते फार लागले. त्या रात्री आमच्या घरात त्या माणसाच्या कर्मठपणाविषयी पुष्कळ बोलणे झाले.

मास्तरांचे ते उत्तर त्यांच्या शास्त्रातून आलेले होते, हे मला पुढे कळले. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नेमका हाच प्रश्न चर्चिला आहे. करिंथ हे मंदिरांचे नगर. बाजारात विकावयास येणारे मांस पुष्कळदा मूर्तीला अर्पण केलेले असे. ते खावे की न खावे? पौलाने सरळ बंदीही घातली नाही आणि सरसकट मोकळीकही दिली नाही. कोणी जेवावयास बोलाविले तर पानात वाढलेले चौकशी न करता खावे; परंतु हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये, असा त्याचा अभिप्राय. अन्नात दोष नाही. पण माझ्या खाण्याने दुसऱ्या एखाद्या दुबळ्या मनाचा गोंधळ होत असेल, तर माझे स्वातंत्र्य मी आवरले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. मास्तरांच्या मंडळीत काही कुटुंबे नव्याने आलेली होती, आणि त्यांचे डोळे मास्तरांकडे लागलेले असत. सगळेच ख्रिस्ती या बाबतीत एकमताचे नाहीत. कित्येक जण प्रसाद आदराने घेतात. ज्याने त्याने आपल्या मनाशी नीट निश्चय करावा आणि दुसऱ्यास तुच्छ लेखू नये, असेही पौलानेच रोमकरांस लिहिले आहे.

धर्मग्रंथाच्या आधारे रोजचे निर्णय घेणे म्हणजे काय, हे या एका प्रसंगावरून ध्यानात यावे. डोळे मिटून पोथी उघडावी आणि बोट पडेल ती ओळ देवाची आज्ञा मानावी, असा कौल लावण्याचा हा प्रकार नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर छापून दिलेली ती नियमावलीही नाही. नोकरी कोणती धरावी, मुलीचे लग्न कोठे करावे, जमीन विकावी की राखावी, यांची उत्तरे बायबलात शोधून सापडणार नाहीत. सापडतात ती मापे. देवावर सर्वस्वाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, या दोन आज्ञांत सगळे धर्मशास्त्र सामावले आहे, असे येशू ख्रिस्ताने सांगितले. देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी करता येणार नाही, हेही त्यानेच बजावले. ही मापे हाती घेऊन ज्याने त्याने आपापला व्यवहार मोजावयाचा. माझ्या अल्पमतीप्रमाणे या साऱ्या मापांतून एकच प्रश्न वारंवार पुढे येतो: मी जे करू पाहतो, त्याची किंमत कोण देणार आहे? मी स्वतः, की माझ्याहून दुबळा असा दुसरा कोणी?

हा प्रश्न आपल्या मुलखाला किती लागू पडतो पाहा. सांगलीची हळदीची पेठ देशभर प्रसिद्ध आहे. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो, असे बायबलातील नीतिसूत्रे सांगतात. काट्यावर चार मुठी हळद इकडची तिकडे झाली तर व्यापाऱ्याच्या हिशेबात ती दिसतही नाही, पण ज्याने वर्षभर रान राखले त्या शेतकऱ्याच्या घरी ती दिसते. नाताळाच्या दिवसांत साताऱ्या-सांगलीत उसाचा गळीत हंगाम भरात असतो. मराठवाड्यातून आलेली जोडपी पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन फडात उतरतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीत राहतात, आणि त्यांची मुले पाचटावर खेळतात. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्या मजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी लिहिले आहे की, ती मजुरीच ओरडत आहे आणि ते ओरडणे देवाच्या कानी गेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लिखाण जणू आपल्याच फडाच्या बांधावर बसून केलेले वाटते. लेवीय या ग्रंथात तर शेताच्या कडा पुरत्या कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावा, अशी आज्ञाच आहे. रूथ नावाची परदेशातून आलेली विधवा असा सरवा वेचूनच आपले आणि सासूचे पोट भरीत होती. 'सरवा' हा शब्द आपल्या खेडुतांच्या तोंडचा आहे. प्रथा मात्र आपण विसरत चाललो आहोत.

साताऱ्याच्या भूमीने या विषयातील एक मोठे उदाहरण पाहिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणातील करजगावी जन्मलेले चित्पावन ब्राह्मण. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते म्हणत. पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केले. परंतु पगार घेऊन देवाचे काम करणे आणि परदेशी वळणाच्या चौकटीत राहणे त्यांच्या मनाला पटेनासे झाले. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी ती निर्वाहाची सोय सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. हा दरबार फार दिवस चालावयाचा नव्हता; ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत देहावसान झाले. परंतु दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, या वचनाचा अर्थ एका मराठी माणसाने आपल्या मिळकतीवर पाणी सोडून लावला, ही गोष्ट लहान नाही.

तथापि येथेच तो किमतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. टिळक खिशातील पैसा गरजूला देऊन मोकळे होत. घरची चूल कशी पेटावी, ही विवंचना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सांगावयास नको. थोर माणसाच्या तत्त्वाची किंमतही पुष्कळदा त्याच्या घरातील बाईच मोजते, आणि शास्त्राने दिलेले माप त्या थोर माणसालाही लावले पाहिजे. लक्ष्मीबाईंची स्वतःची वाटचाल मला याहून अधिक हृद्य वाटते. पती ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षांच्या ताटातुटीनंतरही त्या आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी राखून होत्या. मग जाती देवाने केल्या की माणसांनी, याचा विचार त्यांनी आपल्या मनाशी केला आणि त्या माणसांनी केल्या असे पटताच, बाप्तिस्मा घेण्याच्याही आधी, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. हा निर्णय पाण्याच्या घागरीपाशी झाला. धर्माचे खरे निर्णय बहुधा अशाच ठिकाणी होतात.

मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांचे नाव अपरिचित नाही. १८८९ साली ते या देशात आले, प्रथम सांगलीस दवाखाना चालविला, १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उघडले आणि १८९७ साली तेथे वैद्यकीय शिक्षणाची सोय केली. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची गोष्ट त्यांनी प्रवचनात सांगितली असेल की नाही कोण जाणे. रुग्णालय बांधून मात्र ती सांगितली. वानलेसवाडी हे नाव आपण आजही सहज घेतो.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती लोक काय सगळे असे वागतात? मुळीच नाही. जातीची ओझी चर्चच्या पायरीपर्यंत नेऊन पुन्हा घरी आणणारी कुटुंबे त्यांच्यातही आहेत आणि रविवारी वचन ऐकून सोमवारी काटा मारणारेही असतील. दुसरा कोणी विचारील, आम्हाला परक्या ग्रंथाची गरज काय? सज्जनगडाच्या छायेत राहणाऱ्यांनी हा प्रश्न अवश्य विचारावा. समर्थांनी प्रपंचात आणि परमार्थात विवेक जागा ठेवावयास सांगितले. तुकोबांनी रंजल्यागांजल्यांत देव दाखविला. आपल्याजवळ मापे कमी नाहीत. ती मापे आपण देव्हाऱ्यात ठेवली आहेत, हळदकुंकू वाहून. पारायण संपते, समाराधना होते, ग्रंथ रेशमी वस्त्रात गुंडाळला जातो, आणि दुकान नेहमीप्रमाणे उघडते. कोणी आपला धर्म बदलावा, असे माझे म्हणणे नाही. शेजारी आपला ग्रंथ घेऊन बाजारात आणि स्वयंपाकघरात उतरतो, तर आपणही आपला ग्रंथ घेऊन उतरावे, एवढेच म्हणणे आहे.

आता त्या मोदकांच्या ताटाची उरलेली गोष्ट सांगतो. मास्तरांवर आम्ही रागावलो. परंतु दरवर्षी नाताळात त्यांच्या घरून करंज्यांचे ताट येत असे, ते आमच्या तोंडाला कधी लागले नव्हते. आई ते हसतमुखाने घेई आणि मागील दाराने मोलकरणीच्या पदरात घाली. मास्तरांनी निदान समोर उभे राहून कारण सांगितले होते. आम्ही तेवढेही केले नव्हते. त्यांच्या घरी हे ठाऊक होते, असे पुढे कळले. तरीही ताट चुकले नाही. दुबळ्या मनाला सांभाळून घ्यावे, हे त्यांचे शास्त्र त्यांनी आमच्याच बाबतीत पाळले होते.

पुढल्या वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा उकड काढली, नैवेद्याशी संबंध नसलेले मोदक केले आणि नेऊन दिले. "मास्तर, हे नुसते मोदक आहेत," एवढेच ती म्हणाली. मास्तरांनी तेथेच एक खाल्ला. त्या नाताळात करंज्यांचे ताट आले, तेव्हा आईने पहिली करंजी आमच्यादेखत स्वतः मोडून खाल्ली आणि मग आम्हा मुलांच्या हातावर एकेक ठेवली. तिचे नित्यनेम, उपासतापास शेवटपर्यंत तसेच चालू राहिले.

यंदा शेजारून ताट आले, तर ते मागील दाराने जाऊ नये.