सिकलसेलचे जनुक टिकले कसे? ‘वाहक’ कार्ड हाती आलेल्यांसाठी

सिकलसेलची तपासणी होते, कार्ड हातात येते आणि त्यावर ‘वाहक’ असे लिहिलेले असते. मग वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत दोन प्रश्न निघतात. पहिला : ‘हे आमच्याच लोकांत का?’ दुसरा, जरा हळू आवाजात : ‘आता मुलीच्या लग्नाचे काय?’ पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर कळले, तर दुसऱ्यामागची भीती बरीच कमी होते.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी वाढली, तशी कार्डेही वाढली. पण कार्डाचा अर्थ समजावण्याचे काम मागे पडून चालणार नाही.

बदल एवढासा, परिणाम मोठा

हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या एका जनुकात एकच अक्षर बदलते. आई आणि वडील दोघांकडूनही असे बदललेले जनुक मिळाले, तर मूल ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असते. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून रक्तक्षय, असह्य वेदना आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो. एकाकडूनच मिळाले, तर ते मूल ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काहीही त्रास होत नाही.

मलेरियाने राखलेले जनुक

इतका त्रास देणारे जनुक पिढ्यान्‌पिढ्या नाहीसे का झाले नाही? रक्ताचे असे आजार आणि मलेरिया यांचा संबंध असावा, हे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचवले. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून सिकलसेलच्या बाबतीत त्याचा पुरावा दिला. वाहकाच्या लाल पेशींत फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही आणि बाधित पेशी प्लीहा लवकर काढून टाकते. आफ्रिकेतल्या अभ्यासांत वाहक मुलांना गंभीर मलेरियापासून सुमारे ९० टक्के संरक्षण दिसले आहे.

म्हणजे मलेरियाच्या प्रदेशात साधे हिमोग्लोबिन असलेली काही मुले तापाने जात, ‘एसएस’ मुले सिकलसेलने जात आणि वाहक मुले जास्त जगत. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. विदर्भात हे जनुक आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींत, तसेच काही इतर समाजांतही आढळते. लग्ने आपापल्या समाजातच होत राहिल्याने ते तिथेच एकवटले. यात कोणाचा दोष नाही, कोणाचे पाप नाही आणि रक्त ‘खराब’ असण्याचा तर प्रश्नच नाही. आपले पूर्वज ज्या तापातून वाचले, त्याची ही खूण आहे.

चिंपांझींतही तोच दाब

जानेवारी २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हे चित्र आणखी मोठे केले. संशोधकांनी आफ्रिकेतल्या रानटी चिंपांझींच्या विष्ठेतून डीएनए मिळवला आणि दाट जंगलातल्या चिंपांझींची विरळ झाडीच्या माळरानावरच्यांशी तुलना केली. जंगलातल्या चिंपांझींत निवडीच्या खुणा काही अशा जनुकांत दिसल्या, ज्यांचा माणसांत मलेरियाशी संबंध आहे. हिमोग्लोबिनचे हे जनुकही त्यांत होते. चिंपांझींना सिकलसेल होतो, असा याचा अर्थ नव्हे. पण मलेरियासारख्या आजाराचा दाब माणूस आणि त्याच्या जवळच्या नातलगांवर एकाच जागी उमटू शकतो, हे त्यातून दिसते.

मग ‘निर्मूलन’ कशाचे?

आज मलेरियावर औषधे आहेत, त्यामुळे वाहक असण्याचा फायदा घटला आहे. तरी जनुक आपोआप लवकर जाणार नाही. एक हिशेब पाहा. समजा, एखाद्या समाजात या जनुकाचे प्रमाण १० टक्के आहे. तर साधारणपणे १०,००० लोकांत १०० रुग्ण आणि १,८०० वाहक असतील. बदललेल्या एकूण २,००० जनुकांपैकी १,८०० निरोगी वाहकांत असतील. जनुक पुसून टाकणे म्हणजे या १,८०० निरोगी माणसांना नाकारणे. ते शक्य नाही आणि योग्यही नाही. निर्मूलन करायचे ते वेदनेचे, लपवाछपवीचे आणि उपचाराविना होणाऱ्या मृत्यूंचे.

लग्नाआधी आणि नंतर काय करावे?

• वाहक व्यक्ती कोणाशीही लग्न करू शकते. जोडीदार वाहक किंवा रुग्ण नसेल, तर मूल ‘एसएस’ होत नाही; ते वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते.

• दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन बरी’ हा समज चुकीचा आहे. अशा जोडप्याने गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, शक्यतो आधीच, गर्भजल किंवा वार-तपासणीबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

• साधी सोल्युबिलिटी चाचणी रुग्ण की वाहक हे सांगत नाही आणि थॅलेसेमियाचा वाहकही ओळखत नाही. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र आले, तरी मूल आजारी होऊ शकते. म्हणून एका जोडीदाराच्या कार्डावर ‘वाहक’ असेल, तर दुसऱ्याची एचपीएलसी तपासणी करावी.

• मलेरियापासूनचे संरक्षण फक्त वाहकाला, तेही अपुरे. ‘एसएस’ रुग्णाला मलेरिया झाला, तर तो जास्त धोकादायक ठरतो. मच्छरदाणी वापरा आणि ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठा.

• रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, वैशाखाच्या उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत जपावे, लसीकरण पूर्ण करावे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनेचे झटके कमी करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे.

कार्ड कपाटात लपवू नका. पत्रिकेआधी दोन्ही घरांनी ते समोर ठेवले, तर निर्णय माहितीने होतो, भीतीने नाही.