जाड तारेवरचा खोटा आळ

बास गिटार शिकणाऱ्या पोरांना दोन सल्ले हमखास मिळतात. जाड तारा लावू नकोस, गिटारची मान कायमची वाकेल. आणि वाजवून झालं की तारा सैल करून ठेव. मला दोन्ही अमान्य आहेत.

मानेला कळतो तो ताण, आणि तो तारेचं वजन, लांबी आणि सूर या तिन्हींवर ठरतो. मिरजेचा मर्दानी तंबोरा पाहा. जनानी तंबोऱ्यापेक्षा त्याच्या तारा जाड असतात, पण त्याचा सूरही खालचा असतो. म्हणून त्याची दांडी धोक्यात आहे, असं कुणी म्हणत नाही.

आता बास. 34 इंच तारलांबीच्या बासवर 45 ते 105 चा संच (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीच्या सुरात लावला, तर चार तारा मिळून सुमारे 80 किलोंनी मान ओढतात. 40 ते 95 चा संच दहा-पंधरा किलोंनी हलका. हलक्यावरून जाडावर आलात तर मान थोडी पुढे झुकते, हे खरंच. पण हा बाक सावरायलाच मानेच्या पोटात ट्रस रॉड असतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूला त्याचं पेटंट 1923 मध्ये मिळालं. शिवाय तोच जाड संच अर्धा सूर उतरवून लावा, ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन तर 52 ते 110 च्या तारा वाजवायचा.

सैल करण्याचा सल्ला अधिक घातक वाटतो. तारा पुढे ओढतात, रॉड मागे रेटतो. यातली एक बाजू रोज रात्री सोडून दिली, तर मान स्थिरावणार कधी?

आमच्या इथे फुलपाड्यात खरी काळजी करावी ती पावसाळ्याची. जीवदानीचा डोंगर, पापडखिंड धरण आणि चार महिन्यांची ओल. लाकूड हवेतली ओल शोषतं आणि तारा न बदलताही मान हलते. ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या बासचा दोष मग तारांवर जातो.

तेव्हा संच बदललात किंवा पाऊस लागला, की जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबा आणि सातव्या-आठव्या पट्टीपाशी फट बघा. साधारण 0.3 मिलिमीटर पुरे. जास्त दिसली तर आधी तारा थोड्या उतरवा, रॉड एका वेळी पाव फेराच कसा, पुन्हा सुरात लावून तपासा. रॉड अडला तर जोर न लावता जाणत्या कारागिराकडे न्या.